वसंतपंचमीचं जाकीट

माघ लागला की बनारस पिवळं व्हायला लागतं. वसंतपंचमीला पिवळं घालायचं, एवढंच लोकांना ठाऊक असतं. कुठलं पिवळं, याचा विचार करायला कुणी थांबत नाही. मग हळदीचं पिवळं, लिंबाचं पिवळं, शाळेच्या बसचं पिवळं आणि काविळीचं पिवळं, सगळं एकाच रस्त्यावर उतरतं. काल सिग्राच्या भाजीबाजारात एक बाई दिसल्या. लिंबू रंगाचा कुर्ता, त्यावर आंबा रंगाची ओढणी, त्यावर मोहरीच्या फुलांच्या रंगाचा स्वेटर. तिन्ही रंग एकमेकांच्या झिंज्या उपटत होते आणि बाई शांतपणे गाजरं निवडत होत्या. मी बघत उभी राहिले. आईने माझा दंड धरून ओढलं. म्हणाली, "चल. लोकांना असं न्याहाळू नये." मी म्हटलं, "मग लोकांनी असं बाहेर पडू नये." आईने मटार घेतले आणि आम्ही घरी आलो.

माणसं कपड्यांवरून ओळखायची मला खोड आहे. हे वाईट आहे असं मला पुष्कळांनी सांगितलं आहे, आणि सांगणाऱ्या प्रत्येकाची पँट घोट्यापाशी गोळा झालेली होती. या दिवसांत इथे धुकं इतकं दाट असतं की समोरून येणाऱ्याचा आधी स्वेटर दिसतो, मग माणूस. तेवढ्या वेळात मी माझं मत बनवून मोकळी होते. नंतर चेहरा दिसतो, पण त्याने माझ्या मतात फारसा फरक पडत नाही.

स्वतःचे कपडे स्वतः करायला मी कराडला असतानाच लागले. बाबा बँकेत होते, त्यांच्या शर्टांच्या कॉलर घासल्या की मी ते शर्ट ताब्यात घ्यायची. पाठ उसवून त्याचा टॉप, बाह्यांची पिशवी, खिसे वेगळे काढून दुसऱ्याच कशावर तरी. आईची एक जुनी नारायणपेठ मी चहाच्या पाण्यात उकळली होती, तेव्हा आई दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. नंतर तिचा लांब कुडता झाला तेव्हा शेजारणींना बोलावून तिनेच तो दाखवला. मोबाईलवर मुली अर्ध्या मिनिटात पडद्याचा ड्रेस करतात, ते मीही बघते. त्यात कात्री दिसते, मशीन दिसतं, शेवटी गिरकी दिसते. उसवणं कुणी दाखवत नाही. खरं तर निम्मं काम उसवण्याचंच असतं, मान मोडून, नखाने दोरा ओढत. आणि एवढं करून घराबाहेर पडलं की पहिला भेटेल तो विचारतो, "हे काय घातलंयस?" आपली अशी काही स्टाईल असणं म्हणजे काय, तर हा प्रश्न रोज ऐकून घेण्याची तयारी. दुसरं काही नाही. ज्यांना ते झेपत नाही ते तयार कुर्ते घेतात आणि सुखात राहतात.

पिवळं मात्र मी घालत नाही. वसंतपंचमीला मी करडं घालते. कॉलेजातल्या नव्या मुली विचारतात, तेव्हा मी सांगते की मला पिवळा रंग खुलत नाही. हे खोटं आहे. मला पिवळा रंग चांगला खुलतो आणि या गावातल्या पुष्कळ लोकांनी तो बघितलेला आहे.

बाबांची बदली झाली आणि आम्ही इथे आलो त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते. मंगला गौरीच्या देवळाजवळ एका मराठी कुटुंबाच्या घरात खालचा मजला आम्हाला भाड्याने मिळाला. वर मालक राहायचे. ते वेदपाठशाळेत शिकवत, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांचे लोक कितीएक पिढ्यांपूर्वी काशीत आले आणि इथलेच झाले. बाबांना याचं फार कौतुक. रविवारी ते आम्हाला राजा घाटावर न्यायचे आणि हा आपल्या माणसाने बांधला, असं दर रविवारी सांगायचे. आपल्या माणसांच्या गावात आलो आहोत, अशी त्यांची समजूत होती.

गुरुजींची मुलगी मैत्रेयी माझ्याच वयाची, माझ्याच कॉलेजात. तिच्या मराठीत क्रियापदं तेवढी मराठी होती, बाकी सगळी हिंदी. "अगं केतकी, छतपे चल, धूप छान पडलीय," असं ती जिन्यातून ओरडायची आणि मी हातातलं टाकून पळायची. मैत्रेयीशिवाय त्या गावात मला कुणीही नव्हतं. हिंदी मला शाळेतल्यासारखी यायची, वर्गात मुली माझ्या उच्चारांवर हसायच्या, बोळांत मी वाट चुकायची. मैत्रेयीला प्रत्येक बोळ ठाऊक होता. ती चालायची ती रस्ता स्वतःचा असल्यासारखी, मी तिच्या मागून. फक्त एक गोष्ट मला खुपायची. वाटेत कुणी भेटलं आणि ही कोण असं विचारलं, की ती म्हणायची, "नीचे किराये पे रहती है." मी तिच्याबरोबर दिवसभर असायची, तिचे केस विंचरून द्यायची, तिच्या ओढण्यांना गोंडे लावून द्यायची. तिने एकदा तरी चारचौघांत मला मैत्रीण म्हणावं, एवढं मला हवं होतं. दुसरं काहीही नको होतं, हे मी आजही सांगते.

तिच्या दोन मैत्रिणी होत्या, दोघी इथल्याच. त्या दोघी दुकानातल्या पुतळ्यावरचं जसंच्या तसं उचलून आणायच्या, वरच्या पिनेसकट. मैत्रेयीचंही तसंच. तिच्याकडे एक जांभळा फुलाफुलांचा ड्रेस होता, तो घालून ती एकदा तयार झाली आणि मला म्हणाली, "सांग ना, कसा आहे?" मी सांगितलं, सोफ्याच्या खोळीतून डोकं बाहेर काढल्यासारखी दिसतेस. त्या दोघी खूप हसल्या. मैत्रेयी हसली नाही, पण रागावलीही नाही. मला वाटलं, हिला माझं खरं बोलणं आवडतं. तो ड्रेस होताच तसा. आजही मला विचारलं तर मी हेच सांगेन.

वसंतपंचमी आठ-दहा दिवसांवर आली तेव्हा कॉलेजात सरस्वतीपूजेची धावपळ सुरू झाली. मूर्ती यायची होती, मांडव पडत होता, सगळ्या मुली पिवळ्या साड्या शोधत होत्या. मी ठरवलं की जाकीट करायचं. पांढरा कुर्ता, जीन्स, वर पिवळंधमक चकचकीत जाकीट, उभी कॉलर, खांद्याला थोडा ताठा. वहीत मी त्याचं चित्र काढलं आणि मैत्रेयीला दाखवलं. म्हटलं, "असं जरीचं वाटणारं कापड हवं, पण स्वस्त." तिने चित्र बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "सस्ता मिळतं ना. चल, दाखवते."

आम्ही चौकाच्या बाजूने बोळाबोळांतून गेलो. एका ठिकाणी ती थांबली आणि बोटाने दुकान दाखवलं. "तू जाऊन ये. मला फोन करायचाय," म्हणाली आणि पलीकडे एका ओट्यावर जाऊन बसली. लहानसं दुकान होतं. दाराशी बांबू टेकवून ठेवलेले. लग्नसराई जवळ आली होती, मला वाटलं मांडवाचे. आत उदबत्त्या, मातीची मडकी, तुपाचे डबे, आणि मागच्या फळीवर घड्याच घड्या: लाल, केशरी, पिवळ्या, कडेला गोट्याची सोनेरी फीत लावलेल्या. इतकं झगझगीत कापड आणि दुकानात गिऱ्हाईक एक नाही. मला लॉटरी लागल्यासारखं झालं.

दुकानदार हळू आवाजात बोलायचा. बनारसमध्ये माझ्यावर न खेकसणारा हा पहिला दुकानदार. त्याने विचारलं, "महिला हैं?" मी हो म्हटलं. "उमर?" मी म्हटलं, "उन्नीस." त्याने क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाला, "महादेव." इथे नमस्काराला महादेव, हो ला महादेव, चला ला महादेव, असू द्या ला महादेव, त्यामुळे मला त्यात काही वाटलं नाही. त्याने लाल घडी काढली. मी म्हटलं, "नहीं, पीला वाला." त्याने मुकाट्याने पिवळी दिली. "बाकी सामान?" मी म्हटलं, "बस, कपड़ा." आणि मग मी भाव केला. कराडची मुलगी, भाव केल्याशिवाय कोथिंबीर घेत नाही. मी म्हटलं, "भैया, थोड़ा कम करो. अच्छा निकला तो अगली बार सहेलियों को भी लेके आऊँगी." तो माझ्याकडे बघत राहिला. मग सांगितलेल्यापेक्षा कमी पैसे घेतले आणि पुडी माझ्याकडे सरकवली. मी विजयी मुद्रेने बाहेर आले. मैत्रेयीची मान खाली होती आणि खांदे हलत होते. मला वाटलं, फोनवर काही विनोद आला असेल.

पुडी तिने हातात घेतली नाही. "तूच धर," म्हणाली. घरी आल्यावर मी तिच्या मागून जिना चढायला लागले तर म्हणाली, "आज नको. आई सोवळ्यात आहे." तिची आई पुष्कळदा सोवळ्यात असायची, म्हणून मी खाली आले आणि कापड पलंगावर पसरलं.

ते कापड शिवायला महापाजी होतं. कात्री लावली की दशा निघायच्या, सुईखालून निसटायचं, इस्त्री जरा गरम झाली की आक्रसायचं. इतकं विरळ की आरपार दिसावं. मी चिडून म्हटलेलंही आठवतं, की हे विणणाऱ्याला माणसं हालचाल करतात हे माहीत नाही काय. मग मी आतून जुन्या चादरीचं अस्तर दिलं, कडांना पट्टी लावली, कॉलरमध्ये बकरम घातलं. गोटा उसवून बाह्यांच्या टोकाला लावला. आईचं पायमशीन रात्रंदिवस खडखडत होतं. आईने एकदाच डोकावून बघितलं आणि म्हणाली, "भडक आहे, पण तुला शोभेल." गुरुजींच्या बायकोने, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, जिन्यातून उतरताना ते खिडकीतल्या हँगरवर बघितलं. त्या थांबल्या, पदर नाकाला लावला आणि न बोलता उतरून गेल्या. मला वाटलं, इस्त्रीचा जळका वास आला असेल.

आता कुणालाही वाटेल की या मुलीला डोळे नव्हते का. त्या भागात राहायचं म्हणजे दिवसातून कितीदा तरी बोळातून "राम नाम सत्य है" जायचं. पण आमच्याकडे प्रेत चाललं की बाजूला व्हायचं, हात जोडायचे आणि मान खाली घालायची. टकामका बघत राहणं हा असभ्यपणा. कराडला तेच केलं, इथे तेच करत होतो. धुक्यातसुद्धा लोकांचे स्वेटर बघणारी मी, पण त्या सगळ्या मिरवणुकांतले फक्त पाय बघितले होते. चपला, फाटक्या टाचा, एखाद्याचे नवे बूट. वर काय पांघरलेलं असतं ते मला माहीत नव्हतं, आईलाही नाही. आमच्याकडे पांढरं असतं. इथे पिवळंधमक, चकचकीत, सोनेरी गोट्याचं असतं. हे या गावात तीन वर्षांच्या पोराला ठाऊक आहे.

वसंतपंचमीला सकाळी मी जाकीट घालून आरशासमोर उभी राहिले आणि मला मी आवडले. फार कमी वेळा असं होतं. कॉलर मानेला बरोबर लागली होती, पाठ सरळ उतरली होती, कुठे सुरकुती नाही. मैत्रेयी आणि त्या दोघी दाराशी आल्या. मैत्रेयीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "मस्त. एकदम हटके." त्या दोघी एकमेकींचे हात घट्ट धरून उभ्या होत्या.

बोळातून निघालो. बनारसच्या बोळात कुणी कुणाला वाट देत नाही; सांड देत नाही, स्कूटर देत नाही, माणसं तर नाहीच. त्या दिवशी मला वाट मिळत होती. लोक भिंतीला लागून उभे राहत होते. कचोरीच्या दुकानापुढची रांग दुभंगली. चहावाल्याने पातेलं खाली ठेवून कपाळाला हात लावला. एका लहान मुलाने आईला काहीतरी विचारलं तर तिने त्याचं तोंडच दाबलं. माझी मान आणखी ताठ झाली. मला वाटलं, याला म्हणतात कपडा. मैत्रेयी आणि त्या दोघी चार पावलं मागे चालत होत्या, एकीचा मोबाईल माझ्या पाठीवर रोखलेला. मी एकदा वळून हसलेसुद्धा.

कॉलेजच्या मांडवापाशी मुलांचा घोळका होता. त्यांतला एक अगदी अदबीने पुढे आला. "अकेले आई हैं? बाकी चार लोग कहाँ हैं?" मी मैत्रेयीकडे आणि त्या दोघींकडे हात केला आणि म्हटलं, "हम चारों साथ में ही हैं." मग जो हशा पिकला तो अजून माझ्या कानात आहे. मीही हसले. सगळे हसतात तेव्हा मी हसत नाही असं होऊ नये म्हणून हसले. तेवढ्यात पूजेचं बघणाऱ्या संस्कृतच्या मॅडम मांडवातून आल्या आणि दोन हात लांबच थांबल्या. "बेटा, घर में कुछ हुआ है?" मी म्हटलं, "नहीं, मॅम." "तो ये क्या पहन के आई हो? ये तो मिट्टी पर डालते हैं." मिट्टी म्हणजे इकडे प्रेत, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं. त्या माझ्याकडे नाही, बाह्यांना लावलेल्या गोट्याकडे बघत होत्या. मग घाबरल्यासारख्या म्हणाल्या, "सिला के पहन लिया?"

मी मैत्रेयीकडे बघितलं. ती मांडवाचा खांब धरून खाली बसली होती. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते ती माझ्याच हातच्या गोंड्याच्या ओढणीने पुसत होती.

मी घरापर्यंत पातळ कुर्त्यात चालत आले, जाकिटाची गुंडाळी काखेत धरून. थंडीने दात वाजत होते. वाटेत उकिरडे होते, नाल्या होत्या, गाई होत्या, आणि ते फेकायला माझा हात उठत नव्हता. कॉलर इतकी चांगली बसली होती. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण मला अपमानाइतकंच त्या कॉलरचं वाईट वाटत होतं. आईने मला डोक्यावरून पाणी घ्यायला लावलं, जाकीट काठीने उचललं आणि मोरीत ठेवलं. बाबांनी सगळं ऐकलं. त्यांना आधी हसू फुटलं, मग त्यांनी जाकीट कागदात गुंडाळून बाहेर नेलं. परत आल्यावर म्हणाले, "आता शिवण पुरे. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास कर." आईने मशीनवर चादर टाकली. ती चादर अर्धीच उरली होती, बाकीची माझ्या जाकिटाच्या अस्तरात गेली होती.

पुढचे दिवस वाईट गेले. तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला होता. मला वर्गात "चार लोग" असं नाव पडलं. एकदा चार मुलं माझ्या मागून पाय जुळवून चालत आली, तिरडी उचलल्यासारखे खांदे तिरके करून, थेट ग्रंथालयापर्यंत. मी वळून बघितलं नाही, पण त्यांचे बूट किती घाणेरडे असतील याचा विचार करत राहिले. तेवढीच माझी हिंमत होती.

एक गोष्ट मला तेव्हाही कळत होती आणि आता जास्त कळते. घाटांवर परदेशी बायका फिरतात, त्यांच्या गळ्यात रामनामी उपरणी असतात, अंगात ॐ छापलेल्या ढगळ विजारी असतात, कपाळाला काहीही फासलेलं असतं. त्यांच्याकडे बघून कुणी भिंतीला लागत नाही. माझंच जाकीट त्यांतल्या एखादीने घातलं असतं तर लोकांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढला असता. कापड तेच, शिवण तीच. कोणाच्या अंगावर आहे एवढंच बघितलं जातं, आणि हे ठरवणारे लोक स्वतः टेरिकॉटच्या सफारीत असतात. तेव्हापासून मी प्रेत जाताना मान खाली घालत नाही. नीट बघते. गोटा बहुतेक वेळा वाकडा लावलेला असतो.

तर चार-पाच दिवसांनी मी वर गेले. भांडायला गेले होते. काय बोलायचं ते जिन्यात पाठ करत होते, हिंदीत आणि मराठीत दोन्ही. मैत्रेयी गच्चीवर उन्हात पाय पसरून मटार सोलत होती. धुकं त्या दिवशी लवकर उठलं होतं. काकू पलीकडे चटईवर पडल्या होत्या, डोळ्यांवर पदर घेऊन.

मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"यहाँ सबको पता है."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिने शेंग उघडली, दाणे वाटीत पाडले. "सांगितलं असतं तर तू घातलं नसतंस ना." हे ती अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाली. "आणि तू दुकानात भाव करत होतीस, केतकी. कफन का भाव. मी घरी येऊन आईला सांगितलं तर आईपण हसली. शेवटी तर मला लगा की कोई ना कोई तुला टोक देगा. कुणीच नाही टोकलं."

"तुला माझी जरासुद्धा दया आली नाही?"

"आली थोडी. मांडवात, मॅडम बोलल्या तेव्हा." तिने खरंच आठवून बघितलं. "पण तू भी तो सबके कपडों पर बोलती है. कुणाचं काही तुला आवडतच नाही. मला सोफा बोललीस. मी ते परत घातलंच नाही. आता तू किसी को कुछ नहीं बोलेगी."

काकू पदराखालून म्हणाल्या, "मैत्रेयी, आवाज हळू. मला डुलकी लागतेय."

मी उभीच होते. पाठ केलेलं सगळं तोंडाशी होतं. खाली आमच्या घरात आई कुणाशी बोलत नव्हती, कॉलेजात मला चार लोग म्हणत होते, आणि या गच्चीशिवाय जायला मला दुसरी जागा नव्हती. मैत्रेयीने परात माझ्याकडे सरकवली. "बैठ. सोल." मी बसले आणि सोलायला लागले. याच्यापेक्षा मोठा अपमान माझा मांडवात झाला नव्हता, हे मला दुसरी-तिसरी शेंग सोलतानाच कळलं, तरी मी उठले नाही. मटार कोवळे होते. काकूंनी नंतर चुडा-मटर, म्हणजे इथले मटारपोहे, केला आणि मला वाटीभर दिला.

तो खातानाच मैत्रेयी म्हणाली, "सुन. फागुनमध्ये माझ्या मावसबहिणीचं लग्न आहे. माझं ब्लाउज तू शिवून दे. दर्जी लोग गला बिगाड देते हैं." आतून तिने कापड आणलं. गर्द हिरवं कातान रेशीम, हात लावला की थंड लागणारं. असं कापड माझ्या कात्रीखाली कधी आलं नव्हतं.

मी तिची मापं घेतली. खाली येऊन मशीनवरची चादर काढली. आईने विचारलं, "कोणाचं?" मी सांगितलं. आई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुला लाज नाही." खरं होतं ते. मी त्या ब्लाउजवर जेवढा जीव लावला तेवढा माझ्या जाकिटावरही लावला नव्हता. आतल्या शिवणी हाताने घातल्या. पाठीचा गळा खोल, त्याला बारीक पायपिंग, हुकांवर झाकपट्टी. तिचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा किंचित खाली आहे, ते दिसू नये म्हणून मी त्या बाजूला आतून पातळ थर दिला. हे तिला आजही माहीत नाही. मला वाटत होतं, हे घालून ती आरशात बघेल आणि मग काहीतरी बदलेल. तिने घातलं, आरशात बघितलं, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि म्हणाली, "चल, लग्नाला तूपण ये. साडी सावरायला कुणीतरी हवं."

मी गेले. नदेसरच्या बाजूला एक लॉन होतं, दिव्यांच्या माळा, तेच तेच कपडे. सगळ्या बायका एकाच दुकानातून बाहेर पडल्यासारख्या दिसत होत्या, आणि त्यांच्यात मैत्रेयी वेगळी दिसत होती. हे माझ्याशिवाय इतरांनाही दिसत होतं. तिच्या पाठीकडे बायका वळून वळून बघत होत्या. शेवटी नवऱ्या मुलाकडची एक बाई, अंगावर भरपूर सोनं असलेली, थेट तिच्यापाशी आली. "अरे वाह, ब्लाउज किससे सिलवाया? बनारस में ऐसा कौन सिलता है?"

मी मैत्रेयीच्या मागेच उभी होते, हातात पिनांची डबी घेऊन.  ती वळेल आणि मला पुढे ओढेल असं मला वाटलं. मी केससुद्धा नीट केले.

"है एक," मैत्रेयी म्हणाली. "हमारे नीचे किराये पे रहते हैं, उनकी लड़की. घर बैठे सिल देती है. आपका भी करवा दूँगी."

ती बाई खूश होऊन गेली. मैत्रेयी तिच्याकडे बघून हात हलवत होती, त्यात तिच्या पाठीचा वरचा हुक निघाला आणि झाकपट्टी उलटली. मागे न बघताच ती म्हणाली, "केतकी, पीछे देख ना जरा." मी डबीतून एक लांब टाचणी काढली. तिची पाठ माझ्यासमोर उघडी होती. खुपसली असती, पण रक्ताचा डाग त्या रेशमावरून निघत नाही, आणि ब्लाउज मी शिवलेलं होतं.